टायटानियावर कोकमाचा रंग चढतो, पण टिकत नाही. बांधणी झाली की नाही, कशी ओळखायची?

सोलकढी

नमस्कार मंडळी,

एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. प्रोजेक्टला डाय-सेन्सिटाइझ्ड सोलर सेल घेतलाय, म्हणजे टायटानियाच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या) सच्छिद्र थरावर रंग बसवून उन्हापासून वीज काढायची. घरी रातांब्याची (कोकमाची) झाडं आहेत आणि कोकमात अँथोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य भरपूर, म्हणून रंग कोकमाचाच घ्यायचं ठरलं.

आतापर्यंत केलंय ते असं. एफटीओ (वीजवाहक लेप दिलेल्या) काचेच्या कडांना चिकटपट्टी लावून पी-२५ या टायटानिया पावडरीची पेस्ट काचकांडीने ओढली, ४५० अंशांवर अर्धा तास भाजली आणि भट्टी बंद करून रात्रभर आतच ठेवली. सकाळी फिल्म काढून आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि इथेनॉलच्या मिश्रणात बुडवली. संध्याकाळपर्यंत ती फिकट गुलाबी-जांभळट होते, पण इथेनॉलमध्ये खळबळली की बराचसा रंग उतरतो. उरलेल्या रंगावर सेल जोडला (पोटॅशियम आयोडाइड आणि आयोडीन, इथिलीन ग्लायकॉलमध्ये) तर व्होल्टेज बरं येतं, करंट मात्र अगदीच कमी. गच्चीवर उन्हात ठेवला की दुपारपर्यंत तोही घसरतो.

तुलनेसाठी आमच्या सरांनी ओळखीच्या लॅबमधून एमके-२ नावाचा सेंद्रिय डाय थोडासा मिळवून दिलाय. तो एकदा चढला की चढला. टोल्युइनने धुवा, ॲसिटोनायट्राइलने धुवा, ढिम्म हलत नाही.

एमके-२ ला कार्बॉक्सिल आम्लाचं टोक आहे, त्यामुळे तो टायटानियाला धरून बसतो हे कळलं. पण कोकमाच्या अँथोसायनिनला कार्बॉक्सिल नाहीच, मग तो बसतो कशाच्या आधारावर? आणि जो रंग फिल्मवर दिसतोय तो खरोखर बांधला गेलाय की नुसता छिद्रांत अडकलाय, हे परीक्षकांसमोर सिद्ध कसं करू? आमच्याकडे यूव्ही-व्हिजिबल (कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला ते मोजायला) आणि एफटीआयआर (अवरक्त किरणांनी रेणूतले बंध ओळखायला) आहे, बाकी काही नाही.

पातळथर

प्रश्न नेमका आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो. विद्यार्थिनी आहेस म्हणून अगं-तुगं करतो, चालेल ना?

पदव्युत्तर वर्गांना शिकवण्यात आणि पातळ फिल्म बनवण्यात माझी हयात गेली. नैसर्गिक रंगांचे बरेच प्रोजेक्ट डोळ्यांखालून गेले. जास्वंद, बीट, पालक, डाळिंब, पळस अशी रंगांची यादी दरवर्षी लांबत जाते, आणि रंग पृष्ठभागाला धरतो कसा याला अहवालात एक ओळ मिळते. मला हे मनापासून खटकतं. कारण सेल चालतो तो त्या एका ओळीवर. डायने प्रकाश शोषला तरी उत्तेजित इलेक्ट्रॉन टायटानियात उतरायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजेच अँकर. डाय नुसता शेजारी बसलेला असेल तर इलेक्ट्रॉन परत खाली येतो आणि घेतलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते.

आता कोकमाचं. रातांब्याच्या सालीतली दोन्ही मुख्य अँथोसायनिन सायनिडिनची आहेत. एकाला ग्लुकोज जोडलंय, दुसऱ्याला सांबुबायोज नावाची दुहेरी साखर. साखर दोन्हींत तिसऱ्या कार्बनवर आहे, आणि पलीकडच्या 'ब' कड्यावरचे शेजारी-शेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल मोकळे आहेत. तेच तुझे अँकर. ते दोघे मिळून एका टायटॅनियम अणूला चिमटीत धरतात, प्रोटॉन सोडून देतात, आणि त्यामुळे रंग लालाचा जांभळा होतो.

हे रसायन रंगाऱ्यांना पूर्वापार माहीत आहे. सुती कापड आधी तुरटीत भिजवतात आणि मग मंजिष्ठाच्या पाण्यात घालतात, कारण रंगाचा रेणू कापडाला थेट धरत नाही. तो धरतो ॲल्युमिनियमला, आणि तेही अशाच शेजारच्या ऑक्सिजनांनी. तुझ्या फिल्ममध्ये टायटॅनियम आधीच पृष्ठभागावर हजर आहे, वेगळी तुरटी लागत नाही. युरोपी मंजिष्ठातला अलिझरिन टायटानियाच्या कणांवर बसवून मोजलं, तेव्हा इलेक्ट्रॉन ६ फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) आत गेल्याचं २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. इतकी जवळची ती पकड असते.

तर पकड चांगली असूनही तुझा रंग का उतरतो? माझं बोट आगळाकडे आहे. आगळात मीठ असतं. शिवाय कोकमाचा आंबटपणा ज्यामुळे असतो ते हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल घे. त्याला एक नाही, तीन कार्बॉक्सिल गट आहेत. सायट्रिक आम्ल टायटानियाला किती चिवट धरतं हे कोलॉइडवाल्यांना विचार, ते कण स्थिर ठेवायला तेच वापरतात. म्हणजे तू फिल्म ज्या द्रावणात बुडवलीस, त्यात रंगापेक्षा कितीतरी जास्त संख्येने बिनरंगी प्रतिस्पर्धी होते. जागा त्यांनी घेतल्या. उरलेला रंग छिद्रांत साचला आणि इथेनॉल लागताच बाहेर आला.

करायचं काय, तर आगळ, आमसूल आणि अमृत कोकम ही तिन्ही बाजूला ठेव. आमसुलाला मीठ आणि रसाची पुटं दिलेली असतात, अमृत कोकमात साखर. हंगामात ताज्या रातांब्यांची साल घे, बिया आणि गर काढून टाक. सालीचे बारीक तुकडे इथेनॉल-पाण्यात थंड जागी, अंधारात ठेव. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल अगदी नावापुरतं, रंग लाल राहील इतकंच.

गाळलेला अर्क सी-१८ काट्रिजमधून (तेलकट कार्बन साखळ्या लावलेल्या सिलिकाची छोटी नळी) काढ. आधी काट्रिज मिथेनॉलने आणि मग आम्लयुक्त पाण्याने भिजवून घ्यायचं. अर्क ओतलास की वरच्या पांढऱ्या पावडरीत गडद लाल पट्टा बसतो. त्यावरून आम्लयुक्त पाणी सोडत राहा. साखर, क्षार आणि हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल खाली निघून जातं, पट्टा जागचा हलत नाही. मग थोडं इथाइल ॲसिटेट, म्हणजे गार्सिनॉलसारखी पिवळट फिनॉलं जातात. शेवटी आम्लयुक्त मिथेनॉल घातलं की लाल पट्टा सरकत खाली येतो, तो वेगळ्या नळीत धर. रोटरी बाष्पकावर ४० अंशांच्या आत आटव आणि इथेनॉलमध्ये घे. काट्रिज परवडत नसेल तर एक्सएडी-७ रेझिनचा छोटा कॉलम भर, तत्त्व तेच.

आणखी एक. भाजलेली फिल्म रात्रभर भट्टीत राहिली तर कोकणातली दमट हवा छिद्रांत पाणी भरून ठेवते. वापरायच्या आधी पुन्हा तापव आणि ८० अंशांच्या आसपास आली की कोमट असतानाच डायमध्ये सोड. कोकमाच्या पाणीदार अर्काला याने फार फरक पडणार नाही, एमके-२ ला नक्की पडेल.

हिमांकाखाली

सरांनी पाया घातलाच आहे, मी मोजमापाच्या बाजूने लिहिते. मी मूळची साताऱ्याची, सध्या उप्सालात याच विषयात पोस्टडॉक करते.

आधी एमके-२ सिद्ध कर, ते सोपं आहे. एफटीओ काचेतून अवरक्त किरण जात नाहीत, त्यामुळे काच एफटीआयआरमध्ये ठेवू नकोस. थोडी पी-२५ पावडर डायच्या द्रावणात ढवळ, गाळ, रंग निघायचा थांबेपर्यंत धू, वाळव आणि एटीआरवर (पावडर थेट ठेवून मोजायची एफटीआयआरची जोडणी) घे. शेजारी मोकळ्या डायचा आणि कोऱ्या पावडरीचा स्पेक्ट्रम हवाच. मोकळ्या आम्लाचा कार्बोनिल १७०० प्रति सेमीच्या आसपास दिसतो. बांधणी झाली की तो जातो आणि १६०० व १३८० च्या आसपास कार्बॉक्सिलेटचे दोन पट्टे येतात. डायमधल्या नायट्राइलचा २२०० च्या जरा वरचा पट्टा मात्र तसाच राहायला हवा. डाय तुटलेला नाही याची ती साक्ष. १६०० जवळ पाण्याचाही पट्टा येतो, म्हणून पावडर नीट वाळव.

त्या दोन पट्ट्यांमधलं अंतर डायच्या सोडियम क्षारातल्या अंतराशी ताडून बघितलं की पकड कशी आहे याचा अंदाज येतो. बरंच जास्त असेल तर एकाच ऑक्सिजनची पकड, बरंच कमी असेल तर दोन्ही ऑक्सिजन एकाच धातूवर, जवळपास सारखं असेल तर दोन शेजारच्या टायटॅनियमवर पूल. हा डीकन आणि फिलिप्स यांचा १९८० चा नियम. पण तो अनुभवजन्य आहे, तेवढ्यावर छातीठोक निष्कर्ष काढू नकोस.

किती डाय बसला ते काढायला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात, पाणी आणि इथेनॉलच्या मिश्रणात. अल्कली कार्बॉक्सिलची पकड सोडवते. समज १ चौ. सेमी फिल्म १० मिलीत सोडवली आणि शोषण ०.१४ आलं. मोलर शोषणांक १४,००० धरला (एन-७१९ या रुथेनियम डायचा जवळपास तेवढा असतो) तर तीव्रता १० मायक्रोमोलर, म्हणजे फिल्मवर दर चौ. सेमी ०.१ मायक्रोमोल. सुमारे १० मायक्रॉन जाडीच्या फिल्मचं आतलं खरं क्षेत्रफळ दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या हजारपट असतं. भागाकार कर, दर चौरस नॅनोमीटरला ०.६ रेणू येतात. म्हणजे एका रेणूला दीड चौरस नॅनोमीटरच्या आसपास जागा, एकपदरी थराला साजेशी. याच्या कितीतरी पट आकडा आला तर रेणू एकावर एक रचले गेलेत असं समज. एमके-२ चा शोषणांक वेगळा आहे, त्याचा कॅलिब्रेशन आलेख त्याच अल्कलीत स्वतः काढ.

कोकमाला ही पद्धत लावू नकोस. अल्कलीत अँथोसायनिन आधी निळा-हिरवा, मग पिवळा होऊन तुटतो. त्याच्यासाठी फिल्म बुडवण्याआधी आणि नंतर द्रावणाचं शोषण मोज, घट झाली तेवढा डाय फिल्मवर. द्रावण थोडं आणि फिकट ठेव, नाहीतर घट दिसणारच नाही.

बांधणीचा पुरावा मात्र तुझ्या यूव्ही-व्हिजिबलवरच मिळेल. द्रावणातलं शिखर आणि फिल्मवरचं शिखर एकाच आलेखात काढ. नुसता अडकलेला रंग असेल तर शिखर फारसं सरकत नाही, टायटॅनियमशी बंध झाला तर लांब तरंगलांबीकडे जातं.

आणि तो हजारपटीचा आकडा प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत जरूर घाल. सपाट पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर १ टक्काही प्रकाश शोषत नाही, आणि थर वाढवले तर वरच्या रेणूंचा पृष्ठभागाशी बंध राहत नाही. त्या पेचातून ओरेगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये वाट काढली. सच्छिद्र फिल्म, प्रत्येक कणावर बांधलेला एकच थर, कार्यक्षमता ७ टक्क्यांच्या वर.

पातळथर

वा, हे उत्तम झालं. यात दोन साध्या चाचण्या जोडतो, खर्च जवळपास शून्य.

पहिली: टीएलसीची सिलिका जेल पावडर आणि पी-२५, दोन्ही एकाच शुद्ध अर्कात भिजव आणि सारख्याच आम्लयुक्त इथेनॉलने धू. सिलिकावरचा रंग उतरला आणि टायटानिया जांभळा राहिला तर छिद्रांत अडकण्याचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. छिद्रं सिलिकातही आहेत, टायटॅनियम नाही.

दुसरी मला जास्त आवडते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आण. तिचा मुख्य रंग पेलार्गोनिडिनचा. रेणू सायनिडिनसारखाच, फक्त 'ब' कड्यावर दोनाऐवजी एकच हायड्रॉक्सिल. म्हणजे चिमटीचं एक बोट नाही. तिचा अर्कही कोकमासारखाच शुद्ध कर, दोन्ही सारख्या तीव्रतेचे बनव आणि एकाच घाण्यातल्या दोन फिल्म बुडव. रंग जवळजवळ सारखा, फरक एका हायड्रॉक्सिलचा, आणि फिल्म मात्र वेगळ्या दिसायला हव्यात. परीक्षकांना यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता देणार?

पालकाचंही लगे हाथ सांगतो, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी ते घेणारच. हरितद्रव्याची कार्बॉक्सिल टोकं एस्टर होऊन झाकलेली असतात, एकीकडे फायटॉल, दुसरीकडे मिथाइल. म्हणून पालकाचा अर्क टायटानियाला जेमतेम धरतो. ती टोकं मोकळी केलेला कॉपर क्लोरोफिलिन बरा बसतो. खाण्याचा हिरवा रंग म्हणून मिळतो तो.

खडूफळा

खूप शिकायला मिळतंय. माझा प्रश्न जोडतो. आमच्याकडे केमिकल बाथने वाढवलेल्या झिंक ऑक्साइडच्या कांड्या आहेत. त्यावर एन-७१९ रात्रभर ठेवला तर रंग गडद येतो पण करंट पडतो. टायटानियावर तोच डाय, तेवढाच वेळ, उत्तम चालतो. असं का व्हावं?

हिमांकाखाली

झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं. डायचं कार्बॉक्सिल आम्ल पृष्ठभागावरून झिंक आयन सोडवतं, ते आयन आणि डाय मिळून छिद्रांत गाळ साचतो. गाळ रंगीत असतो, म्हणून फिल्म गडद दिसते, पण त्यातल्या बहुतेक रेणूंमधून इलेक्ट्रॉन आत जात नाही. द्रावण पातळ ठेवा आणि वेळ खूप कमी करा. थोड्या-थोड्या वेळाने एकेक फिल्म काढून करंट मोजा, वाढता-वाढता एका ठिकाणी घसरायला लागेल. शिखर येईल तो तुमचा वेळ. आम्लयुक्त कोकमाचा अर्क झिंक ऑक्साइडवर घालूच नका.

सोलकढी

सर, ताई, खूप आभार. हंगाम अजून यायचाय, पण आईने मागच्या वर्षीची साल मीठ न लावता फ्रीजरमध्ये ठेवली होती, ती मिळाली. काट्रिजमधून काढली. लाल पट्टा सर म्हणाले तसाच बसला, आणि खाली आलेलं पाणी लिटमसला चांगलंच आंबट निघालं.

शुद्ध अर्कातली फिल्म आता इथेनॉलने खळबळूनही जांभळी राहते. शिखरही लांब तरंगलांबीकडे सरकलंय. सिलिकावरचा रंग धुऊन गेला. स्ट्रॉबेरीचं या आठवड्यात करते.

दोन गोष्टी राहिल्या. एक, उन्हात करंट घसरतो तो अजूनही घसरतोच, फक्त हळू. दोन, अँकर बदलून हे सुधारतं का? कार्बॉक्सिलपेक्षा बळकट काही आहे का?

हिमांकाखाली

दुसऱ्यापासून सुरू करते. फॉस्फॉनिक आम्ल पाण्यातही कार्बॉक्सिलपेक्षा घट्ट धरतं, पण मधला फॉस्फरस चतुष्फलकी असल्याने डायची संयुग्मित साखळी तिथे तुटते आणि इलेक्ट्रॉनची वाट थोडी अवघड होते. हायड्रॉक्सामिक आम्लात पकड आणि वाट दोन्ही बऱ्यापैकी साधतात. सिलेनचं टोक लावलेला डाय आणि कार्बॉक्सिलचा डाय एकत्र बसवून जपानी गटाने २०१५ मध्ये १४ टक्क्यांच्या वर मजल मारली. २०२२ मध्ये लोझानच्या गटाने पृष्ठभागावर आधी एका हायड्रॉक्सामिक आम्लाचा थर दिला आणि मग दोन सेंद्रिय डाय बसवले, १५.२ टक्के. तो आधीचा थर मुळात रेणूंची मांडणी सुधारण्यासाठी होता. म्हणजे डाय किती बसला याच्याइतकंच तो कसा बसला याला महत्त्व आहे. तुझ्या एमके-२ च्या थायोफिन साखळीवर जे लांब हेक्झिल शेपूट आहेत तेही त्याच कामाचे: रेणूंना एकमेकांवर चढू देत नाहीत आणि इलेक्ट्रोलाइटला टायटानियापासून लांब ठेवतात.

कोकमाचा आकडा पाहून खट्टू होऊ नकोस. कॅलिफोर्नियातल्या ब्लॅकबेरीच्या सायनिडिनवर १९९७ मध्ये झालेल्या नावाजलेल्या कामात कार्यक्षमता ०.५६ टक्के होती. इलेक्ट्रॉन आत जायला १०० फेम्टोसेकंदही लागत नव्हते. म्हणजे आत जाणं ही अडचण नव्हतीच. सायनिडिन मुळात दृश्य प्रकाशाचा अरुंद पट्टाच शोषतो. शिवाय इतक्या जवळच्या पकडीत इलेक्ट्रॉनला डायकडे परत यायलाही वाट सोपी असते.

पातळथर

उन्हाचं मी सांगतो. टायटानियाचा बँड गॅप ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३८८ नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाश तो स्वतः शोषतो. त्यातून जे होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा) तयार होतात ते शेजारी बांधलेल्या डायला ऑक्सिडाइझ करतात. प्रदूषित पाण्यातले रंग टायटानिया आणि उन्हाने नष्ट करतात ना, तीच क्रिया इथे तुझ्या डायवर चाललीय. पकड जितकी जवळची तितका तो आयताच सापडतो, त्यामुळे अँकर बळकट केल्याने ही तक्रार जाणार नाही.

सेलवर ४२० नॅनोमीटरच्या खालचं कापणारा फिल्टर ठेव. एकाच घाण्यातले दोन सेल घे, एक फिल्टरखाली, एक उघडा, आणि दोन्ही एकाच वेळी गच्चीवर ठेव. फिल्टरवाला टिकला तर दोष अतिनीलचा. तोही त्याच वेगाने घसरला तर इलेक्ट्रोलाइटकडे बघ. ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं, आयोडीन उडून जातं, आणि उन्हाने तापलेल्या काचेखाली अँथोसायनिन उष्णतेनेही तुटतो. कडा नीट बंद कर आणि काचेचं तापमानही लिहून ठेव.

मोजताना अंधारातला करंटही दरवेळी नोंदव. आणि स्ट्रॉबेरीची फिल्म झाली की तिचा स्पेक्ट्रम कोकमाच्या शेजारी लावून इथे टाक, दोन्ही फिल्मची जाडी लिहायला विसरू नकोस.